लहान मुलांची फिजिओथेरपी फोनवरून : गावाकडच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मतः न रडलेलं, कमी दिवसांचं, पेटीत ठेवावं लागलेलं किंवा वाढीत मागे पडलेलं बाळ घरी नेताना डॉक्टर कागदावर लिहून देतात : फिजिओथेरपी. पण तालुक्याच्या गावी लहान मुलांचा थेरपिस्ट सहसा नसतो. जिल्ह्याला जायचं तर पहाटेची एसटी धरायची, दोघांची मजुरी बुडवायची आणि संध्याकाळी रडून दमलेलं मूल घेऊन परतायचं. दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेक घरांत हे थांबतं, आणि त्यात आईबाबांचा काहीच दोष नसतो. अशा घरांबरोबर व्हिडिओ कॉलवरून काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती लागू आहेत.

हात न लावता फोनवरून व्यायाम कसा होणार?

व्यायाम घरातले हात करतात, थेरपिस्ट ते हात शिकवते. सेंटरवर बऱ्याचदा असं होतं की थेरपिस्ट मुलाला आत घेते आणि आई बाहेर बाकावर बसून राहते. पाऊण तासाने मूल परत मिळतं. आठवड्यातले उरलेले सगळे तास मूल घरीच असतं आणि आत काय केलं ते आईला ठाऊक नसतं. फोनवर हे शक्यच नाही. तिथे मूल तुमच्याच मांडीवर असतं आणि थेरपिस्ट सांगत असते, "दोन्ही हात कमरेवर ठेवा ताई, छातीवर नको. आता थोडं उजवीकडे कलू द्या. थांबा, लगेच सावरू नका. तो स्वतः हात टेकतोय का बघू." पहिल्या दोन-तीन कॉलमध्ये अवघडल्यासारखं होतं. नंतर आईच सांगू लागते की डावीकडे कललं की हात येत नाही. इतकं बारीक निरीक्षण महिन्यातून एकदा मुलाला बघणाऱ्या कोणालाही जमणार नाही.

फोनवर एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे स्पर्श. स्नायू किती ताठर आहे, सांधा कुठे अडतो, खुबा जागेवर आहे का, हे हातानेच कळतं. म्हणून नुसत्या फोनवर भागत नाही.

म्हणजे पहिली तपासणी प्रत्यक्षच करायची? कुठे?

हो, एकदा तरी प्रत्यक्ष, आणि मग दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा. मधले आठवडे फोनवर.

सुरुवात अंगणवाडीतून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. त्यात जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर अशा चार गटांतल्या तीसेक त्रासांसाठी मुलांना तपासतात. पथकाला शंका आली की मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. बोलीत सगळे त्याला 'डीईआयसी' म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि डोळे तपासणारे अशी वेगवेगळी माणसं एका छताखाली असावीत, अशी योजना आहे. सगळी पदं नेहमी भरलेली नसतात, म्हणून निघण्यापूर्वी आशाताईंना फोन करून कोणत्या वारी कोण असतं ते विचारून घ्या. एक हेलपाटा वाचतो.

पथक सहा महिन्यांनी येणार असेल तर वाट बघत बसू नका. आशाताई नवजात बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात आणि त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. त्या भेटीत शंका स्पष्ट बोलून दाखवा आणि चिठ्ठी मागा.

बाळ सात महिन्यांचं झालं, मान पक्की धरत नाही. घरचे म्हणतात, याचा बापही उशिराच चालला होता. थांबावं का?

थांबू नका. हा एकच प्रश्न इतक्या घरांतून येतो, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर.

मुलं मागेपुढे शिकतात, हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी मुलांचा मोठा अभ्यास केला होता, त्यात दिल्लीतली मुलंही होती. त्यात जवळजवळ सगळी मुलं नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसू लागली आणि साडेसतरा महिन्यांपर्यंत एकटी चालू लागली. चालणं कोणाचं आठ महिन्यांतच सुरू झालं, कोणाचं सतराव्या महिन्यात, आणि दोघंही ठणठणीत. शंभरातली चारेक मुलं तर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. त्यामुळे शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरायचं कारण नाही.

पण या मुदतीलाही शेवट आहे. चार महिने उलटूनही मान लटपटते, मुठी सतत आवळलेल्या असतात आणि अंगठा आत दडलेला असतो, नऊ महिने होऊनही बसत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही, यातलं काहीही असेल तर तपासणी हवीच. अजून एक खूण आहे, ती घरात कौतुकाने सांगितली जाते. "आमचा डावखुरा आहे, दुसरा हात वापरतच नाही." वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताला काही त्रास तर नाही ना, हे बघावं लागतं. डावं-उजवं ठरण्याचं ते वयच नाही.

बाळ कमी दिवसांचं असेल तर वय मोजताना जितके आठवडे लवकर जन्मलं तितके वजा करा. बत्तिसाव्या आठवड्यात झालेलं बाळ आठ आठवडे आधी आलं, म्हणून ते सात महिन्यांचं असताना त्याच्याकडून पाच महिन्यांच्या बाळाइतकी अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. पण पाच महिने धरले तरी मान यायला हवी होती. तेव्हा वडील कधी चालले हे बाजूला ठेवा आणि या आठवड्यात दाखवा. सगळं ठीक निघालं तर गेलेला दिवस वाया गेला असं मानू नका. उशीर खरा असेल, तर मेंदू सर्वांत वेगाने शिकत असतो ते हेच पहिलं-दुसरं वर्ष असतं.

माता-बाल संरक्षण कार्डावर महिन्यांप्रमाणे चित्रं दिलेली असतात. लसीच्या शिक्क्यांपलीकडे ते कार्ड सहसा कोणी उलटून बघत नाही. बघा.

कोणत्या मुलांना फोनवरून उपयोग होतो?

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणारा कायमचा त्रास), डाउन सिंड्रोम (जन्मतः गुणसूत्र जास्त असल्याने सैल अंग आणि वाढीत उशीर), कमी दिवसांमुळे किंवा जन्मताना गुदमरल्यामुळे आलेला उशीर, मान एकाच बाजूला कललेली बाळं, प्रसूतीत खांद्याची नस ओढली गेल्याने लुळा पडलेला हात, वाकड्या पावलांचा इलाज झाल्यानंतरचा बुटांचा काळ. या सगळ्यांत रोजचं काम घरीच असतं, म्हणून फोनचा चांगला उपयोग होतो. नस ओढलेल्या हाताबाबत एक तारीख लक्षात ठेवा : बाळ तीन महिन्यांचं झालं तरी कोपर वाकवून हात तोंडाकडे नेत नसेल, तर व्यायाम चालू ठेवून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांचं मत घ्यायलाच हवं.

व्हिडिओ कसा काढायचा? थेरपिस्टताई म्हणतात, नीट दिसत नाही.

नव्वद टक्के अडचण उजेडाची आणि उंचीची असते.

दार मोबाईलच्या मागे असू द्या, बाळाच्या मागे नको. बाळामागे उजेड असला की पडद्यावर नुसती काळी सावली येते. खाटेवर किंवा गादीवर नको, जमिनीवर सतरंजी किंवा पातळ गोधडी अंथरा. मऊ गादीत बाळ रुततं आणि ते स्वतः किती जोर लावतंय ते कळत नाही. मोबाईल आडवा धरा. धरायला कोणी नसेल तर तांदळाच्या डब्याला टेकवून बाळाच्या उंचीवर ठेवा. उभं राहून वरून काढलेल्या व्हिडिओत फक्त टाळू दिसते. अंगावर लंगोट पुरे, म्हणजे पाठ, गुडघे, पावलं दिसतील. थंडीत दुपारी काढा. पाजल्यानंतर तासाभराने, बाळ जागं आणि खुशीत असताना.

तीन-चार महिन्यांच्या बाळाचा एक खास व्हिडिओ आम्ही मागतो. बाळ उताणं, जवळ खेळणं नाही, कोणी बोलवत नाही, खुळखुळा वाजवत नाही, तोंडात चोखणी नाही. तीन ते पाच मिनिटं ते आपलंआपण हातपाय हलवत असतं, तेवढंच टिपायचं. आज्यांना हे चमत्कारिक वाटतं, त्या मागून "ए बाळा, इकडे बघ" करतातच. पण या वयात निरोगी बाळाच्या मान, हात, पाय सगळीकडे बारीक, गोलाकार, अखंड हालचाली चालू असतात. शिकलेल्या नजरेला त्या व्हिडिओत दिसतात, आणि त्या नसतील तर पुढे हालचालीचा त्रास होण्याची शक्यता फार लवकर ओळखता येते. ऑस्ट्रियातले डॉक्टर हाइन्झ प्रेख्टल यांनी ही तपासणी बसवली. तिला यंत्र लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. तुमच्या हातातल्या साध्या मोबाईलवर ती होते. निदान मात्र एकट्या व्हिडिओवरून करत नाहीत, जोडीला डॉक्टरांची तपासणी असतेच.

आमच्या पाड्यावर रेंजच नाही.

धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट, भामरागड, सगळीकडची हीच गोष्ट. व्हिडिओ कॉल लागलाच पाहिजे असं नाही. व्हिडिओ काढून ठेवा आणि बाजाराच्या दिवशी, रेंज असेल तिथून पाठवा. थेरपिस्ट तो बघून, थांबवून, परत बघून उत्तर पाठवते. खरं तर काही बाबतीत हे थेट कॉलपेक्षा बरं पडतं, कारण तुटक कॉलमध्ये पावलाची हालचाल निसटून जाते. दोन मिनिटांचे तीन छोटे व्हिडिओ पाठवा, दहा मिनिटांचा एक मोठा अडकतो.

दुसरी सोय आरोग्य उपकेंद्रात आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी जोडून देतात, पैसे लागत नाहीत. तिथे डॉक्टरांचा सल्ला मिळतो. व्यायाम शिकवायचे असतील तर थेरपिस्टची वेळ वेगळी ठरवावी लागते.

मोबाईल मालकांकडे असतो. ते रात्री येतात, तोवर बाळ झोपलेलं असतं.

मग कॉल रात्री ठेवा, बाळाशिवाय. बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल घेऊन थेरपिस्ट हात कसा धरायचा ते दाखवते आणि सुट्टीच्या दिवशी बाळाचा व्हिडिओ बाबा काढतात. आमच्या मते बाबांनी कॉलवर असणं केव्हाही चांगलंच. ज्या घरात फक्त आईला शिकवलं जातं, तिथे ती आजारी पडली किंवा माहेरी गेली की सगळं बंद पडतं. अंगणवाडीताईंच्या मोबाईलवरूनही पुष्कळ घरांची सोय झाली आहे, फक्त त्यांची पोषण आहाराची आणि नोंदींची घाई सोडून वेळ मागा.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने खंड पडला तर?

खंड पडू देऊ नका, फोन तुमच्याबरोबरच येणार आहे. बीड, नगर, जालन्याकडच्या कोयत्यांसाठी, म्हणजे ऊसतोड जोडप्यांसाठी, फोनवरची मदत सर्वांत जास्त कामाची आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. कारण डीईआयसी राहतं गावाकडे आणि मूल असतं कारखान्याच्या तळावर.

निघण्याआधी तीन गोष्टी करा : प्रत्यक्ष तपासणी उरकून घ्या, बुटांची किंवा स्प्लिंटची (हात-पाय नीट ठेवणाऱ्या पट्टीची) मापं बघून घ्या, आणि तपासणीच्या सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. कागद कोपीत भिजतात.

फडात मूल दिवसभर एकाच जागी पडून राहतं, ही खरी अडचण. पाचटाच्या ढिगावर उताणं ठेवलेलं ताठर मूल तासन्‌तास त्याच स्थितीत ताठत जातं. सोबत मोठी बहीण असेल तर तिला तीनच गोष्टी शिकवा : दर अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलायची, दिवसातून तीन-चार वेळा जागेपणी पालथं ठेवून समोर बसायचं, आणि उचलताना पाय फाकवून कडेवर घ्यायचं. सात-आठ वर्षांच्या मुलीवर हा भार टाकावा लागणं वाईटच आहे, तिची शाळाही बुडते. पर्याय असेल तर मुलाला गावी आजीजवळ ठेवून तिथे फोन चालू ठेवणं बरं. पण पर्याय नसतो हेही आम्हाला दिसतं, म्हणून जे जमेल ते शिकवतो.

रोज किती वेळ द्यायचा? मला घरचं आणि रानातलं आटोपून वेळच मिळत नाही.

वेगळा वेळ काढू नका. 'सकाळी वीस मिनिटं व्यायाम' असं ठरवलेलं पंधरा दिवसांत सुटतं. जे काम रोज होणारच आहे, त्यात एकेक हालचाल घालायची.

उदाहरण घेऊ. दोन वर्षांची मुलगी आहे, पाय कडक आहेत, धरून उभी राहते पण बसल्याचं उठता येत नाही. आई भाकरी करायला बसली की मुलीला शेजारी, चुलीपासून हातभर लांब, पाटावर बसवायचं. पाटाची उंची अशी की गुडघे काटकोनात येतील आणि टाचा जमिनीला टेकतील. टाचा उचललेल्या असतील तर पाट बदला, खाली विटेचा आधार द्या. आता पिठाचा छोटा गोळा तिच्या समोर, जरा लांब आणि जरा वर धरायचा. ती पुढे झुकते. नाक गुडघ्यांच्या पुढे गेलं की भार पावलांवर येतो आणि बूड आपोआप हलकं होतं. त्या क्षणी दुसऱ्या हाताने गुडघ्यावर खाली आणि किंचित पुढे दाब द्यायचा. बगलेत धरून वर ओढायचं नाही. ती उठली, गोळा मिळाला, परत बसली. एका भाकरीमागे एकदा धरलं तरी आठ-दहा वेळा होतं, आणि आईच्या कामात विशेष खोळंबा होत नाही.

असंच अंघोळीच्या वेळी, कपडे घालताना, कडेवर घेताना. कडेवर घेणं तर आपल्याकडचा फार उत्तम व्यायाम आहे. पाय फाकलेले राहतात, खुब्याला नीट आकार मिळतो आणि कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे पाय सैल पडतात. फक्त रोज एकाच कडेवर घेऊ नका.

मूल शांत पडून आहे आणि आपण त्याचे हातपाय वर-खाली करतोय, याचा हालचाल शिकायला फारसा उपयोग होत नाही. नुसतं ताणून आखडलेले स्नायू मोकळे राहत नाहीत, असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. मुलाने स्वतः, स्वतःला हव्या असलेल्या वस्तूसाठी धडपडायला हवं.

तेलमालीश करणाऱ्या बाई म्हणतात, रोज पाय ओढून सरळ केले की नस मोकळी होते.

हलक्या हाताची मालीश चांगलीच. बाळ शांत होतं, झोपतं, आईलाही बरं वाटतं. पण ओढणं, उलटं धरणं, हाताला-पायाला झटके देणं नको. ताठरपणा स्नायूत दिसला तरी त्याचं मूळ बहुधा मेंदूकडून येणाऱ्या संदेशात असतं. ओढलं की स्नायू आणखी आखडतो, आणि कमजोर हाडं असतील तर मोडतातसुद्धा. नाकाकानात तेल घालू नका, धुरीचा धूर बाळाच्या छातीला नको. आणि मालीशनंतर बाळाला गुंडाळताना पाय सरळ करून घट्ट बांधायची पद्धत सोडाच. त्याने खुबा निखळू शकतो. वरचं अंग गुंडाळा, पाय बेडकासारखे मोकळे असू द्या.

मालीशवाल्या बाईंना कॉलवर बोलवा. त्यांचे हात कसलेले असतात, एकदा दाखवलं की त्या आमच्यापेक्षा छान करतात.

वॉकर घेतला तर लवकर चालेल का?

नाही. चाकाच्या वॉकरमध्ये मूल बसून पायाच्या बोटांनी ढकलतं, त्यामुळे चालणं लवकर येत नाही, उलट चवड्यावर चालायची सवय लागते. चुलीवर, पायरीवरून, ओट्यावरून पडण्याचा धोका वेगळा. कॅनडाने २००४ साली असे वॉकर विकण्यावर बंदीच घातली. सुताराकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतः उभं राहून ढकलतं. धरून उभं राहता येत असेल आणि मोठं माणूस जवळ असेल, तर पांगुळगाडा जरूर द्या. पुढे पळत असेल तर त्यावर वीट ठेवून जड करा.

व्यायाम करताना मूल रडतं. करत राहायचं का?

रडण्याचं कारण बघा. नवीन स्थितीची कुरकुर असेल तर गाणं म्हणा, थोडं थांबा, पुन्हा करा. पालथं ठेवल्यावर रडणाऱ्या बाळाला जमिनीऐवजी आपल्या छातीवर पालथं घ्या, तेही तितकंच कामाचं. पण एखादा ठरावीक सांधा हलवला की किंचाळतं, पाय हलवू देत नाही, सूज आहे, तर व्यायाम बंद आणि दवाखाना. रडवून करून घेतलेल्या व्यायामाला आमच्या लेखी किंमत नाही. मूल आईच्या हातांना घाबरायला लागलं तर पुढचं सगळंच अवघड होतं.

भरवताना ठसका लागतो, घास बाहेर येतो.

आडवं झोपवून भरवणं आधी बंद करा. मांडीवर बसतं करून, पाठ सरळ, मान किंचित पुढे झुकलेली, हनुवटी वर नाही. तुम्ही समोरून, त्याच्या तोंडाच्या उंचीवरून भरवा. वरून घास आला की मूल मान मागे टाकतं आणि घास श्वासनलिकेकडे जातो. पातळ पाण्यासारख्या पेजेपेक्षा चमच्यावर ठरेल असा नाचणीचा घाटा किंवा मऊ खिमट अनेक मुलांना सोपं जातं. छोटा चमचा, आधीचा घास गिळल्यावरच पुढचा.

वारंवार छाती भरते, जेवताना आवाज घरघरतो, ओठ निळसर होतात, वजन वाढत नाही, यातलं काही असेल तर फोनवर अवलंबून राहू नका.

पाऊल आत वळलेलं आहे. फोनवर व्यायाम सांगाल का?

सुरुवातीला नाही. जन्मजात वाकड्या पावलाला पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करतात. साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात, मग बहुतेकांना टाचेमागच्या दोरीसारख्या स्नायुबंधाला छोटा छेद, आणि नंतर दांडीचे बूट. तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. फोनची गरज लागते ती या बुटांच्या काळात. पाऊल सरळ दिसू लागलं की घरात बूट काढून ठेवतात, आणि पाऊल परत वळतं. पट्टे आवळण्याआधी टाच बुटात पूर्ण खाली बसली आहे का ते बघा आणि पहिल्या रात्रींना थेरपिस्टशी बोला. रडणं बहुधा तीन-चार दिवसांत थांबतं.

प्लास्टर असताना रोज पायाची बोटं दाबून बघा. पांढरी होऊन लगेच गुलाबी व्हायला हवीत. निळी पडली, सुजली किंवा आत सरकून दिसेनाशी झाली, तर त्याच दिवशी प्लास्टर काढायला न्या.

फोनवर वेळ न घालवता लगेच दवाखाना, असं कधी?

आकडी आली तर. त्यातही एक प्रकार फार चुकतो. तीन महिने ते वर्षाच्या बाळाला, बहुधा झोपेतून उठल्यावर, एकामागून एक झटके येतात. मान आणि अंग पुढे वाकतं, हात दचकल्यासारखे उघडतात, सोडतात, पुन्हा तेच. घरी वाटतं पोटात दुखतंय किंवा दचकतंय. याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. इथे आठवड्याचा उशीरही मुलाच्या बुद्धीला महाग पडतो.

येत असलेली गोष्ट मूल विसरलं, म्हणजे बसत होतं ते बसेनासं झालं, तरीही थांबू नका. ताप आणि ताठ मान, श्वासाची धाप, पडल्यानंतर उलट्या किंवा गुंगी, यासाठी १०८.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना अजून एक तपासणी सांगितली जात नाही : खुब्याचा एक्स-रे. तीनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. दुसऱ्या वर्षात एकदा एक्स-रे काढून पुढे कितीदा लागेल ते डॉक्टरांना विचारा.

एका ठिकाणी म्हणाले, स्टेम सेलची (मूळ पेशींची) सुई घेतली की मूल चालेल. शेत गहाण ठेवावं का?

नको, अजिबात नको. सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो फक्त मंजूर संशोधनातच देता येतो, आणि संशोधनासाठी पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचा आकडा सांगणाऱ्या माणसाला हे विचारा. लोक जमीन विकून आलेले आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे इतकं ठासून सांगतो.

फोनवरची व्यक्ती खरी थेरपिस्ट आहे हे कसं ओळखायचं?

शिक्षण आणि नोंदणी विचारा. बीपीटीएच किंवा एमपीटीएच, आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक. हे विचारण्यात अपमान नाही. लहान मुलांबरोबर किती काम केलंय हेही विचारा, गुडघेदुखीचा थेरपिस्ट बाळांचा असेलच असं नाही. जो तपासणीचे कागद न बघता व्यायाम सुरू करतो किंवा 'तीन महिन्यांत चालवतो' म्हणतो, त्याच्यापासून दूर राहा.

मुलाचे उघडे व्हिडिओ कुठे जातात?

ते फक्त उपचारासाठी आहेत. तुमच्या परवानगीशिवाय ते कुठेही दाखवता येत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. गावच्या किंवा पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, थेट थेरपिस्टलाच पाठवा.

दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर मुलावर शिक्का बसेल, असं घरचे म्हणतात.

प्रमाणपत्राने मूल बदलत नाही, सोयी मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीसह २१ प्रकार आहेत, बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट असते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, सेतू केंद्रात भरून मिळतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. लहान वयात ते ठरावीक मुदतीचंच देतात, पुढे पुन्हा बघतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा आहे. वर्षाला एक लाखापर्यंतच्या या विम्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरतात. खुर्ची, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) यांसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. तिची शिबिरं लागतात तेव्हा ग्रामपंचायतीत कळतं. मापाची नसलेली खुर्ची मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. मोठ्या खुर्चीत मूल एका बाजूला कलत राहतं आणि पाठ वाकते.

ताई, खरं सांगा. चालेल का?

पहिल्या कॉलवर याचं उत्तर देणारा माणूस खोटं बोलतो. पण काही खुणा आहेत. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागलेली बहुतेक मुलं पुढे, आधाराने का होईना, चालतात. दोन वर्षांनंतरही बसत नसेल तर चालणं अवघड असतं, आणि तेव्हा आम्ही ते स्पष्ट सांगतो. मोठ्या हालचालींतला बराचसा पल्ला मूल त्रासाच्या तीव्रतेप्रमाणे पावणेतीन ते पाच वर्षांपर्यंत गाठतं.

चालणार नाही हे कळल्यावर काही घरं थेरपीच सोडतात. तिथे आमचं काळीज तुटतं. कारण त्याच मुलाला नीट बसवता आलं तर ते हाताने जेवेल, बोट दाखवून मागेल, अंगणवाडीत बाकीच्यांत बसेल, शाळेत जाईल. खुब्यात आणि पाठीत दुखणार नाही. हे सगळं फिजिओथेरपीचंच काम आहे.

मुलाला उचलून माझीच पाठ गेली. रात्री झोप लागत नाही.

हे थेरपिस्टला पहिल्याच कॉलवर सांगा, शेवटी उरलेल्या मिनिटात नको. जमिनीवरून उचलताना आधी मुलाला कुशीवर वळवा, त्याचे गुडघे पोटाशी घ्या, आपण एक गुडघा टेकवा, मूल अंगाशी घट्ट धरा आणि मग उठा. वाकून, हात लांब करून उचलू नका. पंधरा किलोच्या पुढे दोघांनी मिळून उचला. मन खचत असेल, सतत रडू येत असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. एक वेळचं मुलाचं काम घरातल्या दुसऱ्या कोणी करायचं, हे आम्ही कॉलवर सगळ्यांसमोर ठरवून घेतो. सासूबाई बहुधा भरवण्याचं घेतात, बाबा अंघोळीचं.

पहिल्या कॉलला काय जवळ ठेवू?

दवाखान्यातून सुटी झाली तेव्हाचा कागद, माता-बाल संरक्षण कार्ड, चालू औषधं. सतरंजी, एक पाट, दोन उशा, गुंडाळलेली गोधडी, वाटी-चमचा आणि मुलाला ज्याचं वेड आहे अशी एक वस्तू. स्टीलचा डबा आणि त्यात चार चिंचोके असले तरी चालतं. मोबाईल चार्ज करून ठेवा. मूल झोपलं असेल तर उठवू नका, आपण तोवर बोलून घेऊ.